पहिल्या रविवारचा रस

या अंकाचा संपादक माझा विद्यार्थी. खंडाळ्याच्या शाळेत नववीला मी त्याला विज्ञानात काठावर पास केलं होतं. त्याचा राग त्यानं इतकी वर्षं जपून ठेवला असावा. फोनवर म्हणाला, "सर, तुमच्या चर्चमधल्या कामाबद्दल लिहा. आमच्या दिवाळी अंकात पोलीस, कंडक्टर, नर्स सगळ्यांचं येतं, तुमच्यातलं कुणाचं येत नाही."

मी म्हटलं, "अरे, मी पाळक नाही, वडील नाही, पेटी वाजवत नाही. मी पेले धुतो."

"मग पेल्यांचं लिहा," तो म्हणाला. काठावर पास केलेली मुलं अशी असतात.

तर पेले. औषधाच्या बाटलीचं टोपण असतं ना, तेवढे काचेचे पेले. आमच्या चर्चमध्ये असे ऐंशी होते, माझ्या हाताखाली आल्यापासून एकाहत्तर आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. येशूनं मरणाच्या आधी शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, भाकर मोडून दिली, पेला दिला आणि माझी आठवण म्हणून हे करत जा, असं सांगितलं. तेच आम्ही करतो. भाकर म्हणजे पावाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि पेल्यात द्राक्षाचा रस. दारू नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण बाहेरच्या माणसाला हमखास तसं वाटतं आणि पुढं जे सांगणार आहे त्यामुळं तर वाटणारच.

द्राक्षं बारा महिने मिळत नाहीत, बेदाणे मिळतात. ते पाण्यात उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळले की रस होतो. हे करायचं, पेले भरायचे, पाव कापायचा, टेबलावर पांढरं कापड घालायचं, तबकं बाकांमधून फिरवायची आणि सगळे घरी जाऊन मटणाचा रस्सा ओरपत असतील तेव्हा पेले धुवायचे. एवढंच काम. ते मला मिळालं ते बक्षीस म्हणून नव्हे.

निवृत्त झाल्यावर मी बायकोच्या गावी राहायला आलो, पलूसपासून जवळच. गावात सगळे 'सर' म्हणत, त्यामुळं चर्चमध्येही आपल्याला मान मिळेल असं मी धरून चाललो होतो. मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं, कारभार बघायला काही जणांना निवडतात. त्यांना वडील म्हणतात. वर्षाच्या आत मी निवडणुकीला उभा राहिलो. मला तीन मतं पडली. एक माझं, एक बायकोचं. तिसरं कुणाचं, हे शोधण्यात मी सहा महिने घालवले. पुढं एका भांडणात बायकोनं सांगून टाकलं की तिनं मत दुसऱ्यालाच दिलं होतं. त्यामुळं कोडं आणखी अवघड झालं.

मत न मिळण्याचं कारण मला ठाऊक होतं. त्याआधीच्या पावसाळ्यात पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मला सर्वांसमोर पावसासाठी प्रार्थना करायला सांगितली होती. मी डोळे मिटले आणि देवाला पाऊस कसा पडतो ते समजावून सांगितलं. बाष्पीभवनापासून. ढग होईपर्यंत दोघे-तिघे घोरायला लागले होते. 'आमेन' म्हणालो तेव्हा उत्तराला फक्त पंख्याचा आवाज आला. बाहेर पडताना सारामावशीनं मला गाठलं. ही आमच्या मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई. म्हणाली, "सर, त्येला ठावं हाय ते. त्येनंच केलंय."

याच सारामावशीकडं प्रभुभोजनाचं टेबल होतं, चाळीसेक वर्षं. गुडघे गेले तेव्हा तिनं ते काम सोडलं आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "त्या सरांना द्या. हात गुतले की तोंड कमी चालंल."

पहिल्याच महिन्यात मी पाव चुकवला. आमच्या बेकरीवाल्या इक्बालभाईंकडचा साधा पाव संपला होता, म्हणून मी टूटीफ्रुटीचा आणला. पाव तो पावच, असा माझा शास्त्रीय विचार. रविवारी गंभीर चेहऱ्यानं मंडळीला लाल-हिरवे ठिपके असलेले तुकडे वाटले. उपासना संपल्यावर थोमा वडील हळूच म्हणाले, "सर, उरल्यात का?" तेव्हापासून इक्बालभाई पहिल्या शनिवारी एक साधा पाव बाजूला काढून, कागदावर 'सर' लिहून ठेवतात. रोज्यातसुद्धा विसरत नाहीत.

रसाच्या बाबतीत मावशीनं मला एकच नियम सांगितला होता. "सकाळी उकळायचं, सकाळीच गाळायचं. उरलं तर झाडाला घालायचं. ठिवायचं न्हाई." कारण विचारलं तर म्हणाली, "कारान कशाला पायजे तुमाला?"

बेदाणे यायचे ते आमच्या शेजारच्या आण्णांकडून. आण्णा जैन, द्राक्षाची बाग, स्वतःचं बेदाण्याचं शेड. दर हंगामाला पाच किलोची पिशवी आणून ओट्यावर ठेवत आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारत.

"सर, त्येची दारू तर न्हाई न करत तुमी?"

"छे छे. शब्द देतो आण्णा."

"न्हाई, तुमच्या देवाला चालत आसंल तर तुमचं तुमी बघा. पर माज्या बेदाण्याची नगं."

असं सगळं चाललं होतं. मग कोरोना आला आणि मला होऊन गेला. बाकी सगळं परत आलं, नाक परत आलं नाही. म्हणजे होतं जागेवर, पण वास येत नव्हता. कशाचाच. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. मी कुणालाच सांगितलं नाही. रस करणाऱ्या माणसाला वास येत नाही हे कळलं तर टेबल काढून घेतील, ही भीती. वडील होता आलं नव्हतं, आता हेही जाणार. मग मी अभिनय सुरू केला. मोगरा दिसला की "वा!" म्हणायचं. गटार दिसलं की रुमाल काढायचा. माझं नाक गेलंय हे फक्त मला आणि देवाला माहीत होतं आणि देव कुणाला सांगणार नव्हता.

दोन वर्षं हे निभावलं. आता रुबेनबद्दल सांगतो.

रुबेन ट्रॉल्यांचं वेल्डिंग करतो. हात असा की त्यानं जोडलेली ट्रॉली ऊस भरून खड्ड्यात आदळली तरी सांधा सुटत नाही. पण तो प्यायचा. त्याच्या पिण्याच्या गोष्टी मी सांगणार नाही, त्या त्याच्या आहेत. एवढं सांगतो की त्याची बायको एस्तेर एकदा माहेरी निघून गेली आणि त्यानंतरच्या रविवारी तो चर्चच्या शेवटच्या बाकावर येऊन बसला. दुसऱ्या रविवारी पुन्हा. दोन महिन्यांनी एस्तेर परत आली. पण पहिल्या रविवारी मी तबक घेऊन त्याच्यापर्यंत गेलो की तो हातही न लावता शेजाऱ्याकडं सरकवायचा. "आजून न्हाई, सर," एवढंच म्हणायचा. आमच्यात माणसानं स्वतःला तपासूनच तो पेला घ्यायचा असतो. पाळकसाहेबांनी त्याला घाई केली नाही. असे अकरा महिने गेले.

मे महिना होता. गुरुवारी रुबेन वाटेत भेटला, गाडी थांबवली, काच काळी झालेला चष्मा कपाळावर सरकवला.

"सर, ह्या रविवारी एक पेला जादा भरा."

"कुणासाठी रे?"

"मी घेनार हाय."

मला इतका आनंद झाला की माझ्या डोक्यात सुधारणा आली. माझ्या आयुष्यातली सगळी नुकसानं सुधारणेनं झाली आहेत. म्हटलं, रुबेनचा पहिला पेला, रस खास झाला पाहिजे. उकळल्यानं बेदाण्याचा मूळ गुण मरतो. न उकळता भिजवून ठेवला तर अस्सल द्राक्षाची चव उतरेल. बायको लेकीकडं शिरवळला गेली होती, त्यामुळं घरात विरोधी पक्ष नव्हता. गुरुवारीच मोठ्या बरणीत सगळे बेदाणे घातले, कोमट पाणी घातलं, गोडीला दोन मुठी साखर घातली, टोपण घट्ट लावलं आणि बरणी खिडकीत उन्हाला ठेवली. बायकोचा फोन आला.

"रस मावशीनं सांगितलाय तसाच करा बरं का."

"तसाच करतोय," मी म्हटलं. समोर बरणीत बुडबुडे येत होते.

शनिवारी दुपारी 'फट्' असा आवाज झाला. बरणीचं टोपण उडून कॅलेंडरवर आदळलं होतं. आता वाचकांनी थोडं थांबून या माणसाकडं बघावं. यानं तीस वर्षं नववीच्या मुलांना साखर-पाण्यात यीस्ट घालून, बाटलीला फुगा लावून, तो कसा फुगतो ते दाखवलं. 'मुलांनो, याला किण्वन म्हणतात, यातून अल्कोहोल तयार होतं' हे वाक्य फळ्यावर लिहिलं, परीक्षेत विचारलं, ते चुकलं म्हणून या अंकाच्या संपादकाचे दोन गुण कापले. त्याच माणसानं टोपण उचललं, पुसलं, परत लावलं आणि मनाशी म्हणाला, ऊन फार वाढलंय.

चमचाभर चाखून बघितलं. गोड लागलं. नाक नसलं की जीभही निम्मी जाते, ती जेवढं सांगते तेवढंच कळतं.

रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत एकटाच बसून मी एकेक पेला भरला. तबकावर पांढरा रुमाल टाकला. चर्च भरलेलं. आमच्यात पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मधे वाट. रुबेन त्या दिवशी शेवटच्या बाकावर नव्हता, तिसऱ्या बाकावर बसला होता, वाटेच्या कडेला. पांढरा शर्ट, घडीच्या रेघा दिसत होत्या. वाटेपलीकडं त्याच्या बरोबरीला एस्तेर.

आधी भाकर झाली. रुबेननं तुकडा घेतला तेव्हा एस्तेर रडत होती. मग पेले. आमच्या पद्धतीत तबक फिरतं, ज्यानं त्यानं पेला उचलून हातात धरायचा आणि सगळ्यांना मिळाले की पाळकसाहेब सांगतात तेव्हा एकदम घ्यायचा. एका बाजूनं मी निघालो, दुसऱ्या बाजूनं थोमा वडील.

पहिल्या बाकापासूनच माना वळायला लागल्या. लोक पेला उचलायचे, एकमेकांकडं बघायचे. मला वाटलं, नव्या रसाचं कौतुक चाललंय. मी नम्र चेहरा केला.

मग लक्षात आलं की माना माझ्याकडं वळत नाहीत. रुबेनकडं वळताहेत.

मी त्याच्यापाशी पोचलो. त्यानं पेला उचलला, तोंडाजवळ नेला आणि तिथंच थांबला.

"सर," तो ओठ न हलवता म्हणाला, "ह्यात हाय."

"काय आहे?"

"ती हाय."

"कोण ती?"

त्यानं मान वर केली. "तुमाला वास न्हाई येत?"

मी तबक सरळ धरलं. त्यानं डोळ्यांनीच पुढचे-मागचे बाक दाखवले. "त्येंना वाटतंय मी पिऊन आलोय."

आणि खरंच. पुढच्या बाकावरचा माणूस अंग चोरून सरकून बसला होता. वाटेपलीकडं एस्तेरनं पदर नाकाला लावला होता आणि ती नवऱ्याकडं बघत होती. तो चेहरा मी इथं लिहिणार नाही.

खोटं सांगत नाही, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो स्वतःला वाचवायचा. मी कुजबुजलो, "तू नुसतं ओठाला लावल्यासारखं कर. मग बघू."

"देवाम्होरं नाटक करू व्हय?" तो म्हणाला. मग आणखी हळू, "सर, बिगी बिगी काय ते करा. मला ह्यो लय वेळ धरवायचा न्हाई."

पेल्यातला रस हिंदकळत होता. मी घाबरून त्याच्या हातातून पेला काढून घेतला.

यापेक्षा वाईट काही करता आलं नसतं. साऱ्या चर्चनं बघितलं की सरांनी रुबेनला प्रभुभोजनाचा पेला दिला आणि परत काढून घेतला. ज्यांना शंका होती त्यांना खात्री झाली. कुणीतरी "च्‌ च्‌" केलं. एस्तेर उठली आणि पिशवी घेऊन दाराकडं निघाली. रुबेन जागेवरून हलला नाही. नुसता मोकळा हात मांडीवर ठेवून बसला.

"एस्तेर, थांब!"

हे मी ओरडलो. शाळेच्या मैदानावरचा आवाज होता तो. प्रभुभोजन चालू असताना कुणी ओरडलेलं आमच्या चर्चमध्ये त्याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं. पाळकसाहेबांच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं.

"वास रुबेनचा नाही," मी म्हणालो. "वास माझा आहे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ते काय समजले ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

"म्हणजे मी प्यायलेलो नाही. रस... रस मी केला. भिजवून ठेवला, तीन दिवस. तो आंबला. त्याची दारू झाली. सगळ्यांच्या हातात तीच आहे. आणि मला कळलं नाही, कारण मला वास येत नाही. कोरोनापासून येत नाही. मी सांगितलं नाही. टेबल काढून घेतील म्हणून सांगितलं नाही."

पाळकसाहेबांनी स्वतःचा पेला नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला. तेवढ्यात थोमा वडील, जे कधीच कुणाच्या सांगण्याची वाट बघत नाहीत, रिकामा पेला हातात धरून म्हणाले, "तरीच म्हनलं आज बरं लागलं."

आधी बायकांच्या बाजूनं हसू फुटलं, मग सगळीकडून. मी तबक धरून मधोमध उभा. एस्तेर दारातच थांबली होती. ती हसत नव्हती. परत आली, पण आपल्या जागेवर गेली नाही. पुरुषांच्या बाजूला, रुबेनच्या बाकाला हात टेकून उभी राहिली.

पाळकसाहेब म्हणाले, "सगळ्यांनी पेले खाली ठेवा. आपण थांबू. रुबेनला आज पेला मिळाल्याशिवाय उपासना संपणार नाही."

सारामावशी काठी टेकत उठली आणि माझ्यासमोर आली.

"काय सांगितलं हुतं मी?"

"सकाळी उकळायचं, सकाळीच गाळायचं."

"मग?"

"सुधारणा केली."

"सुदारना!" ती म्हणाली आणि पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरात पाणी ठेवायला निघाली. पण बेदाणे कुठं होते? सगळे माझ्या बरणीत गेले होते. तेव्हा रुबेन उठला. "सर, चला. मागं बसा."

त्याच्या गाडीवर मागं बसून मी आण्णांच्या शेडवर गेलो. आण्णा शेडच्या दारात बसले होते. बेदाणे हवेत म्हटल्यावर त्यांनी साहजिकच विचारलं, "पाच किलो दिलं हुतं की. एवढं कुटं गेलं?"

सकाळपासून दुसऱ्यांदा मला तेच सांगावं लागलं. पहिल्यापेक्षा हे अवघड गेलं. मंडळीला मी शब्द दिला नव्हता, आण्णांना दिला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठले, टोपी घातली आणि पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

"मी बी येतो. मला बगायचंय तुमी काय करता."

मग आमच्या पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरात जैन आण्णा आणि सारामावशी शेगडीच्या दोन बाजूंना उभे राहिले. आण्णांनी बेदाणे तीन पाण्यांतून धुतले. मला कशालाही हात लावू दिला नाही.

"आमच्यात शिळं चालत न्हाई," आण्णा म्हणाले. "तुमच्यात चालतंय व्हय?"

"आमच्यात बी न्हाई," मावशी म्हणाली. "सरांच्यात चालतंय."

तासाभरानं पेले पुन्हा भरले. रस इतका गरम होता की काच धरवत नव्हती. लोक पेला या हातातून त्या हातात करत होते, फुंकर घालत होते. आण्णा चपला बाहेर काढून शेवटच्या बाकावर, पूर्वी जिथं रुबेन बसायचा तिथं, बसून बघत होते. मी तबक घेऊन रुबेनजवळ गेलो. त्यानं पेला उचलला, वास घेतला, माझ्याकडं बघून मान हलवली. पाळकसाहेबांनी सांगितलं आणि सगळ्यांनी एकदम घेतला. थोमा वडिलांनीसुद्धा, नाइलाजानं.

गोष्ट इथं संपवली असती तर माझ्या सोयीचं झालं असतं. पण त्याच दिवशी चारच्या सुमारास मी घरी पेले धुवत बसलो होतो आणि दारात रुबेन उभा राहिला.

"हितं बसू का थोडं, सर?"

"बस की. काय झालं?"

त्यानं उजवा हात पुढं केला. "त्यो पेला हिंदकळला तवा बोटावर सांडला हुता. चार डाव धुतलं. जात न्हाई वास."

मी सवयीनं वाकलो आणि मग आठवलं. "मला येत नाही रे."

"म्हनून तर तुमच्याकडं आलो. दुसऱ्या कुनाकडं गेलो आस्तो तर त्येनं हुंगून बगितलं आस्तं."

चाळीस वर्षं मी चर्चला जात होतो, धडे वाचले होते, प्रार्थना केल्या होत्या, निवडणूक लढवली होती. पण जड गेलेली संध्याकाळ काढायला माझ्या घरी कुणी येऊन बसल्याचं मला आठवेना. ती संध्याकाळ जड मीच केली होती. मी त्याच्याकडं लिंबाची फोड आणि पेल्यांचं तबक सरकवलं. दोघं धुवायला लागलो. सगळे पेले धुऊन झाले तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीनदा धुतले. मधेच तो म्हणाला, "सर, तुमाला एक सांगायचं हाय. ते निवडनुकीत तुमाला मत मी दिलं हुतं."

मी पेला टाकलाच. (म्हणून एकाहत्तर.)

"तू? का रे?"

तो जरा लाजला. "पिलेलो हुतो तवा."

मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. तोही हसला. मग हसता हसता त्यानं तोंड फिरवलं आणि बराच वेळ फिरवूनच बसला. दिवेलागणीला एस्तेर त्याला न्यायला आली. दारातच तिनं त्याचा उजवा हात हातात घेतला. हुंगला नाही. नुसता धरला.

सोमवारी बायको परतली. मी सगळं कबूल केलं, नाकाचंसुद्धा. म्हणाली, "मागल्या वर्षी तुमच्यासमोर दूध करपलं आणि तुम्ही पेपर वाचत बसलात, तेव्हाच मला कळलं होतं. म्हटलं, कधी सांगताय बघू."

मी पाळकसाहेबांकडं टेबल परत करायला गेलो. त्यांनी घेतलं नाही. "काम तुमचंच राहू द्या," म्हणाले. "नाक दुसऱ्याचं घ्या."

तेव्हापासून पहिल्या रविवारी सकाळी सातला रुबेन आमच्याकडं येतो. मी बेदाणे उकळून, गाळून पातेलं ओट्यावर ठेवलेलं असतं. तो पातेल्यावर वाकतो, डोळे मिटतो, लांब श्वास घेतो. त्या वेळी मी बोलत नाही. ज्या वासानं त्याचं घर मोडत आणलं होतं, तोच वास तो आमच्या सगळ्यांच्या वतीनं शोधत असतो. मग सरळ होतो आणि म्हणतो, "न्हाई, सर. चालू द्या." मागच्या निवडणुकीत तो वडील झाला. मला या वेळीही मतं पडली, किती ते सांगत नाही. पण या वेळी बायकोनं मला दिलं म्हणे.

आता एक शेवटचं, आणि ते फक्त तुमच्यात ठेवा. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मला अचानक ओल्या सारवणाचा वास आला. मग कांद्याचा. मग, काही दिवसांनी, करपलेल्या दुधाचा. डॉक्टर म्हणाले होते तसं नाक हळूहळू परत आलं. मी बायकोला सांगितलेलं नाही. बहुतेक तिला कळलं असणार. पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही. हे पाप आहे का, ते देवाला विचारायला हवं, पण मी विचारलेलं नाही. विचारलं आणि सांगून टाक म्हणाला, तर सांगावं लागेल.

रुबेन दिवाळी अंक वाचत नाही. एस्तेर वाचते, पण ती सांगणार नाही.

परवाच्या रविवारी सातला तो आला, पातेल्यावर वाकला. खिडकीतून ऊन येत होतं आणि सगळं स्वयंपाकघर उकळलेल्या बेदाण्याच्या गोड वासानं भरून गेलं होतं. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि विचारलं, "काय रे, आहे का काही?"